निवड, विश्वास आणि यादी : ‘रीडर्स डायजेस्ट’च्या वाढीची समीक्षा

प्रास्ताविक

मराठीतील नियतकालिकांचा अभ्यास बहुधा संपादकाच्या नावाभोवती फिरत आला आहे. ‘मासिक मनोरंजन’ म्हटले की का. र. मित्र, ‘किर्लोस्कर’ म्हटले की शंकरराव किर्लोस्कर, ‘सत्यकथा’ म्हटले की श्री. पु. भागवत अशी समीकरणे आपल्या मनात पक्की झालेली आहेत. संपादकाची दृष्टी, त्याने घडविलेले लेखक आणि त्या नियतकालिकाने रुजविलेली अभिरुची यांचा विचार आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु नियतकालिक ही वाङ्मयीन घटना असते तशीच ती एक व्यावसायिक संस्थाही असते. वर्गणीदारांची नोंदवही, टपालखर्च, छपाईची उधारी, जाहिरातीचे दर आणि मालकीचे स्वरूप यांचा पानांवरील मजकुराशी काय संबंध असतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेत क्वचितच विचारला जातो. मासिक बंद पडले की आपण वाचकांच्या उदासीनतेला दोष देतो; ते भरभराटीला आले की संपादकाच्या प्रतिभेला श्रेय देतो. या दोन टोकांच्या मधला प्रदेश बहुधा अस्पर्शित राहतो.

या मधल्या प्रदेशाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एका अमेरिकन मासिकाचे व त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकाशनसंस्थेचे उदाहरण घेतले आहे. ‘रीडर्स डायजेस्ट’ हे मासिक १९२२ साली एका दांपत्याने अत्यल्प भांडवलावर सुरू केले. पुढील अर्धशतकात ते जगातील सर्वाधिक खपाच्या मासिकांपैकी एक बनले, अनेक भाषांत निघू लागले आणि त्याच्याभोवती पुस्तके, ध्वनिमुद्रिका व टपालविक्री यांचा मोठा उद्योग उभा राहिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच संस्थेला चार वर्षांच्या अंतराने दोनदा दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. या चढउताराचे स्पष्टीकरण सामान्यतः ‘दूरचित्रवाणी आली, इंटरनेट आले’ असे दिले जाते. ते खोटे नाही. पण त्यामुळे संस्थेच्या आतील कारणे झाकली जातात. ही संस्था वाढली ती वाचकाने तिच्या निवडीवर टाकलेल्या विश्वासामुळे. तिच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर हा विश्वास निराळ्या कामासाठी वापरला गेला आणि अखेर त्याचे रूपांतर केवळ नावपत्त्यांच्या यादीत झाले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. वेचण्याचा व्यवसाय

वेचे निवडून वाचकापुढे ठेवण्याची प्रथा आपल्याला अपरिचित नाही. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ या नावाने मराठी कवितांचे वेचे प्रसिद्ध केले आणि कित्येक पिढ्यांना जुन्या काव्याची ओळख त्या संग्रहातूनच झाली. निवड करणारा स्वतः काही लिहीत नाही; तथापि काय वाचण्याजोगे आहे याचा निवाडा तो करीत असतो. हा निवाडा हेच ‘रीडर्स डायजेस्ट’चे मूळ भांडवल होते.

डेविट वॉलेस हा मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील एका धर्मोपदेशक व महाविद्यालय-प्रमुखाचा मुलगा. स्वतःचे शिक्षण त्याने अपुरेच सोडले. पण माहितीचा सारांश काढण्याचा छंद त्याला तरुणपणापासून होता. १९१६ साली त्याने शेतीविषयक सरकारी पत्रकांची टिपणवजा सूची एका पुस्तिकेच्या रूपाने काढली आणि ती शेतकऱ्यांत वाटण्यासाठी बँकांना विकली. या पुस्तिकेच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. वॉलेसच्या पुढील सर्व उद्योगाचे बीज तिच्यात आहे. मूळ मजकूर दुसऱ्याचा, निवड आपली आणि विक्री थेट अशी ही रचना होती. पहिल्या महायुद्धात १९१८ साली फ्रान्समध्ये जखमी झाल्यावर रुग्णालयातील सक्तीच्या विश्रांतीत त्याने मासिकांतील लेख संक्षिप्त करण्याचा सराव केला. १९२० च्या जानेवारीत त्याने नमुना अंक छापून प्रकाशकांना दाखविला; कोणीही तो स्वीकारला नाही. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग येथील नोकरीही गेली. तेव्हा प्रकाशकाचा नाद सोडून त्याने वाचकालाच पत्र लिहिण्याचे ठरविले.

ही घटना या संस्थेच्या इतिहासात निर्णायक म्हटली पाहिजे. शिक्षिका, परिचारिका आणि निरनिराळ्या व्यावसायिक संघटनांचे सभासद यांच्या याद्या मिळवून वॉलेसने त्यांना पत्रे धाडली. अद्याप अस्तित्वातही नसलेल्या मासिकाची वर्षाची तीन डॉलर वर्गणी आगाऊ मागितली आणि अंक न आवडल्यास पैसे परत देण्याचे वचन दिले. ऑक्टोबर १९२१ मध्ये लिला ॲचेसन हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्या सुमारास सुमारे दीड हजार वर्गणीदारांनी पैसे पाठविले होते. फेब्रुवारी १९२२ च्या पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती छापल्या गेल्या. कार्यालय होते न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज भागात, दारूबंदीच्या काळातील एका चोरट्या गुत्त्याखालच्या तळघरात. अंकात एकतीस लेख होते, म्हणजे महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. चित्रे नव्हती, कथा नव्हत्या, जाहिराती नव्हत्या. मासिके विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे वॉलेस सार्वजनिक ग्रंथालयात बसून लेख हाताने उतरवून संक्षिप्त करीत असे.

या आरंभात एक मोठा नैतिक साधेपणा आहे. वाचक थेट पैसे देतो आणि त्याच्या बदल्यात त्याला त्याचा वेळ वाचवून मिळतो. मध्ये जाहिरातदार नाही, वितरक नाही. मूळ मासिकांनी आरंभी पुनर्मुद्रणाची परवानगी विनामूल्य दिली, कारण त्यांना त्यात आपली प्रसिद्धी दिसत होती. म्हणजे कच्चा माल फुकट, विक्री आगाऊ आणि ग्राहक नावानिशी ठाऊक असा हा व्यवसाय होता. मोठ्या भांडवलावाचून तो टिकला याचे रहस्य या तीन गोष्टींत आहे.

२. संक्षेपाचे रूप

संक्षेप ही केवळ लांबी कमी करण्याची क्रिया नव्हे. काय गाळावे याचा निर्णय घेताना संपादक एक विशिष्ट वाचक आणि एक विशिष्ट जीवनदृष्टी गृहीत धरतो. ‘डायजेस्ट’च्या लेखाचा एक साचा हळूहळू तयार झाला. सुरुवात एखाद्या प्रसंगाने होई, मधल्या भागात थोडी आकडेवारी व तज्ज्ञाचा हवाला येई आणि शेवटी वाचकाला लगेच आचरणात आणता येईल असा बोध किंवा धीर दिला जाई. मूळ लेखातील आडवळणे, शंका, लेखकाची शैली आणि ‘हे असेही असू शकेल’ अशा स्वरूपाची वाक्ये या प्रक्रियेत सर्वप्रथम गळत. त्यामुळे अनेक हातांनी लिहिलेला मजकूर एकाच आवाजात बोलू लागला. वाचकाला हा आवाज परिचित व आश्वासक वाटला, हे त्याच्या लोकप्रियतेचे कारण. विचारातील अनिश्चितता त्यात उरत नसे, ही त्याची मर्यादा.

या साच्याला वाचकांच्या सहभागाची जोड मिळाली. वाचकांनी धाडलेले खरे प्रसंग व विनोद पैसे देऊन छापण्याची पद्धत संस्थेने रूढ केली. ‘लाफ्टर, द बेस्ट मेडिसिन’सारखी सदरे आणि शब्दसंग्रह वाढविण्याचे सदर यांच्यामुळे मासिक घरातील लहानथोर सर्वांचे झाले. अंकाचा छोटा आकार खिशात मावणारा होता. अंध वाचकांसाठी १९२८ पासून ब्रेल आवृत्ती निघू लागली. या सर्वांत वाचकाविषयीची आस्था होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

तथापि संक्षेपाच्या सामर्थ्याचे एक वेगळे उदाहरण १९४५ सालचे आहे. फ्रीडरिश हायेक यांच्या ‘द रोड टू सर्फडम’ या ग्रंथाचा संक्षेप त्या वर्षीच्या एप्रिल अंकात अग्रभागी प्रसिद्ध झाला. मॅक्स ईस्टमन यांनी केलेल्या या संक्षेपाच्या स्वतंत्र पुनर्मुद्रित प्रतीही मोठ्या संख्येने वितरित झाल्या. मूळ ग्रंथ विद्यापीठीय प्रकाशनाचा, युक्तिवादाने भरलेला. काही पानांच्या संक्षेपाने त्याला लक्षावधी घरांत नेले. पण त्याचबरोबर बहुसंख्य वाचकांसाठी तो संक्षेप हाच ग्रंथ ठरला. १९८२ मध्ये याच संस्थेने बायबलचीही संक्षिप्त आवृत्ती काढली. ज्या ग्रंथातील शब्द न् शब्द श्रद्धावंतांना पवित्र वाटतो, त्यावरही कात्री चालविण्याचा आत्मविश्वास संस्थेला वाटावा, यातून तिच्या निवडीला समाजात कोणते स्थान प्राप्त झाले होते याची कल्पना येते.

३. स्रोताचा प्रश्न

खप वाढू लागला तशी परिस्थिती पालटली. १९२९ पर्यंत वर्गणीदारांची संख्या दोन लाखांपुढे गेली. वॉलेसने हे आकडे दीर्घकाळ गुप्त ठेवले, कारण ज्यांचा मजकूर तो घेत होता त्या मासिकांना आपणच एका प्रतिस्पर्ध्याला पोसत आहोत हे कळू नये, अशी त्याची इच्छा होती. १९३६ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्याच्याविषयी लेख प्रसिद्ध केला तेव्हा खप अठरा लाखांच्या घरात पोहोचल्याचे लोकांना समजले. दरम्यान परवानगी फुकट मिळण्याचे दिवस संपले होते आणि निरनिराळ्या मासिकांशी मोबदल्याचे करार करावे लागत होते.

मोठ्या खपाच्या मासिकाला दरमहा आपल्या साच्यात बसणारे पुरेसे लेख अन्यत्र सापडतीलच असे नाही. वॉलेसने यावर काढलेला तोडगा या संस्थेच्या समीक्षेत मध्यवर्ती मानला पाहिजे. १९३० च्या दशकात ‘डायजेस्ट’ने स्वतः लेख लिहवून घेण्यास आरंभ केला. त्यांपैकी काही उघडपणे स्वतःचे म्हणून छापले. परंतु पुष्कळसे लेख आधी दुसऱ्या मासिकांना जवळजवळ फुकट दिले जात. तेथे ते छापून येत आणि मग ‘डायजेस्ट’ त्यांचा संक्षेप त्या मासिकाच्या नावाने ‘निवडून’ छापत असे. लहान मासिकांना हा व्यवहार सोयीचा होता. त्यांना चांगला मजकूर व वर मोबदला मिळे. वाचकाला मात्र असे वाटे की देशभरच्या मासिकांतून उत्तम ते वेचून आपल्यापुढे ठेवले आहे. वस्तुतः त्या बागेतील बरीच फुले वेचणाऱ्यानेच आदल्या रात्री नेऊन खोचलेली होती.

या पद्धतीविरुद्ध उघड भूमिका घेतली ती ‘न्यूयॉर्कर’ने. १९४४ साली संपादक हॅरल्ड रॉस यांनी करार पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि आपल्या लेखकांना त्याचे कारण कळविले. एक मासिक इतर अनेक मासिकांतील मजकूर आतून ठरवू लागले तर नियतकालिकांच्या स्वातंत्र्यालाच धोका उत्पन्न होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी जॉन बेनब्रिज यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये ‘डायजेस्ट’चा विस्तृत परामर्श घेतला, तो १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आला.

या प्रकरणात कोणीही खोटी माहिती छापली, असा मुख्य आरोप नव्हता. लेख अचूक असू शकत होते, उपयुक्तही असू शकत होते. खोटे होते ते त्यांच्या जन्मस्थानाविषयीचे विधान. निवडीवर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या बाबतीत हे साधे व्यंग मानता येत नाही. वेचे काढणाऱ्याचा अधिकार ‘हे मी केलेले नाही, मला आढळलेले आहे’ या विधानावर अवलंबून असतो. हे विधान डळमळीत झाले की निवड आणि प्रचार यांतील सीमारेषा पुसली जाते. ‘डायजेस्ट’ची साम्यवादविरोधी व पुराणमतवादी राजकीय भूमिका सर्वज्ञात होती. तशी भूमिका असणे हा दोष नव्हे. पण ती अनेक स्वतंत्र मासिकांच्या मुखातून वदवून मग सर्वमान्य मत म्हणून मांडणे, हा विश्वासाचा पहिला गैरवापर होता.

४. जाहिरातीविना आणि जाहिरातीसह

याच काळातील दुसरी बाजूही नोंदविणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. अमेरिकन आवृत्तीने पहिली तेहतीस वर्षे एकही जाहिरात घेतली नाही. या स्वातंत्र्याचा तिने खरोखर उपयोग केला. ऑगस्ट १९३५ मध्ये मोटार अपघातांचे विदारक वर्णन करणारा जे. सी. फर्नास यांचा लेख तिने छापला आणि त्याच्या लाखो पुनर्मुद्रित प्रती वाटल्या गेल्या. डिसेंबर १९५२ मध्ये सिगारेट व कर्करोग यांचा संबंध सांगणारा लेख तिने प्रसिद्ध केला. अन्य बहुतेक मोठी मासिके त्या वेळी तंबाखू कंपन्यांच्या जाहिरातींवर पोसली जात होती आणि या विषयावर त्यांची लेखणी अडखळत होती. वाचकाच्या पैशावर चालणारे मासिक जे बोलू शकते ते जाहिरातदाराच्या पैशावर चालणारे बोलू शकत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचित मिळेल.

परंतु परदेशी आवृत्त्यांच्या बाबतीत संस्थेने निराळा हिशेब केला. १९३८ मध्ये ब्रिटिश आणि १९४० मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिश आवृत्ती सुरू झाली. पोर्तुगीज, स्वीडिश, अरबी या आवृत्त्या युद्धकाळात आणि जपानी आवृत्ती युद्ध संपल्यावर आली. लॅटिन अमेरिकेत किंमत कमी ठेवण्यासाठी आरंभापासूनच जाहिराती घेतल्या गेल्या. नाझी प्रचाराला तोंड देण्याच्या दृष्टीने या आवृत्तीचे स्वागत अमेरिकन सरकारी वर्तुळातही झाले. अर्थात घरच्या वाचकासाठी जे तत्त्व होते ते बाहेरच्या वाचकासाठी धोरण ठरले.

१९५५ मध्ये घरचे तत्त्वही सैल झाले. वाढत्या खर्चामुळे किंमत वाढवावी की जाहिराती घ्याव्यात, असा प्रश्न वाचकांनाच विचारण्यात आला आणि बहुसंख्यांनी जाहिरातींच्या बाजूने कौल दिला. तंबाखूच्या जाहिराती मात्र नाकारल्या गेल्या. म्हणून या निर्णयाला अधःपतन म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्या दिवसापासून वाचकाचे स्थान दुहेरी झाले. तो गिऱ्हाईक तर होताच. आता तो जाहिरातदाराला विकण्याजोगी संख्याही बनला.

५. वाचक ते यादी

संस्थेची खरी आर्थिक भरभराट मासिकाच्या पानांबाहेर झाली. १९५० मध्ये संक्षिप्त पुस्तकांची माला सुरू झाली. एका खंडात चार-पाच पुस्तकांचे संक्षेप बांधून ते वर्गणीदारांना टपालाने धाडले जात. पुढे ध्वनिमुद्रिका, गृहोपयोगी मार्गदर्शिका, नकाशे व वैद्यकीय पुस्तके यांची भर पडली. हे सारे विकण्यासाठी नवा ग्राहक शोधण्याची गरज नव्हती. कोण वर्गणी वेळेवर भरतो, कोण पुस्तके ठेवून घेतो, कोण परत पाठवितो याची माहिती संस्थेपाशी साठत होती. १९६२ पासून बक्षीस सोडतीची योजना आली आणि पाकिटावर वाचकाचे नाव छापलेली, मोठ्या रकमेचे आमिष दाखविणारी पत्रे कोट्यवधी घरांत जाऊ लागली.

१९२१ सालचे वॉलेसचे पत्र आणि ही पत्रे यांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही टपालानेच गेली, दोन्हींत वाचकाला थेट संबोधन होते. पहिल्या पत्रात न छापलेल्या मासिकाची कल्पना होती आणि ती न पटल्यास पैसे परत करण्याची हमी होती. दुसऱ्या प्रकारच्या पत्रात मजकुराशी संबंध नसलेले प्रलोभन होते. सोडतीसाठी खरेदीची अट नसली, तरी खरेदी केल्यास संधी वाढेल असा समज अनेकांचा, विशेषतः वृद्धांचा होत असे. बक्षीस सोडतीच्या टपालावर अमेरिकेत १९९९ मध्ये संघीय कायद्याने निर्बंध आले, आणि २००१ मध्ये ‘डायजेस्ट’ला तीसहून अधिक राज्यांशी तडजोड करून आपली पत्रे बदलणे भाग पडले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन आवृत्तीचा खप सुमारे एक कोटी सत्तर लाखांवर गेला होता. पण या आकड्यातील किती जण मासिक वाचण्यासाठी वर्गणी भरीत होते आणि किती जण सोडतीच्या आशेने, याचे उत्तर आकडा देत नाही. येथे वाढ आणि वाचन यांची फारकत झाली. वाचकाने टाकलेला विश्वास हा आता विपणन विभागाच्या नोंदीत ‘प्रतिसादाचे प्रमाण’ म्हणून दिसू लागला. हा विश्वासाचा दुसरा गैरवापर होय.

६. भारतीय संदर्भ

भारतीय आवृत्ती १९५४ मध्ये निघाली आणि दीर्घकाळ तिचे कार्यालय मुंबईत होते. पुढे ती परवान्याने इंडिया टुडे समूहाकडे गेली. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मध्यमवर्गाला हे मासिक विशेष मानवले. वाक्ये सोपी, लेख छोटे, विषय नित्याच्या जीवनातले. शब्दसंग्रहाचे सदर तर इंग्रजी सुधारू पाहणाऱ्यांसाठी घरगुती शिकवणीच होती. रद्दीच्या दुकानांत आणि पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत त्याचे जुने अंक सापडत. त्यामुळे वर्गणी न परवडणाऱ्यांपर्यंतही ते पोहोचले.

या नमुन्यावर भारतीय भाषांत स्वतंत्र प्रयत्न झाले. नाशिकच्या ‘गावकरी’ संस्थेने काढलेले ‘अमृत’ हे मराठी डायजेस्ट त्यांपैकी ठळक होय. छोटा आकार, विविध विषय, अनुवादित व संकलित मजकूर ही वैशिष्ट्ये त्याने घेतली. परंतु नावपत्त्यांच्या यादीवर चालणारे टपालविक्रीचे अजस्र यंत्र मराठीत कधी उभे राहिले नाही. त्याला लागणारी वाचकसंख्या, क्रयशक्ती व टपालव्यवस्था येथे नव्हती. आपल्याकडील मासिके दिवाळी अंकांच्या जाहिराती, मर्यादित वर्गणी व संपादकाची पदरमोड यांवर चालली. त्यांच्या दुर्बलतेविषयी आपण खेद व्यक्त करतो आणि तो रास्त आहे. मात्र ‘डायजेस्ट’सारखी वाढ झाली असती तर आपले प्रश्न सुटले असते, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. लहान राहिलेल्या मासिकाचे वाचक संख्येने थोडे असले, तरी ते बहुधा वाचकच होते.

७. विश्वासाचे तारण

वॉलेस दांपत्याला अपत्य नव्हते. डेविट १९८१ मध्ये आणि लिला १९८४ मध्ये निवर्तली. १९९० मध्ये संस्थेचे समभाग खुल्या बाजारात आले. ज्या संस्थेने एके काळी आपला खप जगापासून लपविला होता, तिला आता दर तिमाहीस नफ्याचा आकडा जाहीर करावा लागू लागला. लिलाने कार्यालयाच्या भिंतींसाठी जमविलेल्या चित्रसंग्रहातील मौल्यवान चित्रे १९९८ मध्ये लिलावात विकली गेली. सोडतींवरील निर्बंधांमुळे जुने विक्रीतंत्र निकामी झाले होते. नव्या वाढीसाठी २००२ मध्ये रायमन पब्लिकेशन्स ही पाककला व गृहजीवनविषयक मासिकांची संस्था ७६ कोटी डॉलरना विकत घेतली गेली. म्हणजे वाढ आता वाचकांतून येत नव्हती, ती खरेदी करावी लागत होती.

२००७ मध्ये रिपलवुड या गुंतवणूक संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाने हा सारा उद्योग, त्यावरील कर्ज धरून, सुमारे २४० कोटी डॉलरना घेतला. या व्यवहाराचा बराचसा भाग उसन्या पैशांवर होता आणि त्या कर्जाचा बोजा संस्थेच्याच शिरावर आला. पुढच्याच वर्षी आर्थिक मंदी आली. ऑगस्ट २००९ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा कर्ज सुमारे २२० कोटी डॉलर होते. त्याच वर्षी जाहिरातदारांना हमी दिलेला खप ८० लाखांवरून ५५ लाखांवर आणण्यात आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. २०१५ मध्ये संस्थेने आपले नाव बदलून ‘ट्रस्टेड मीडिया ब्रँड्स’ असे ठेवले. ब्रिटिश आवृत्ती २०२४ मध्ये, ८६ वर्षांनी, बंद झाली.

मुद्रित मासिकांना इंटरनेटमुळे बसलेला फटका सार्वत्रिक आहे. परंतु मासिकाचे उत्पन्न घटणे आणि उत्पन्नाच्या आवाक्याबाहेरचे कर्ज डोक्यावर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऋणकोने तारण म्हणून ठेवली होती ती छपाईयंत्रे नव्हेत, कारण तशी मत्ता फारशी नव्हतीच. तारण होते ते नाव, म्हणजे तीन पिढ्यांच्या वाचकांचा विश्वास. त्यांच्या संमतीवाचून तो गहाण पडला, हा त्याचा तिसरा गैरवापर. संस्थेच्या नव्या नावात ‘विश्वासार्ह’ हा शब्द आवर्जून आला, यातील विसंगती बोलकी आहे. जो गुण पूर्वी वाचकाने मासिकाला द्यायचा होता, तो आता संस्थेने स्वतःलाच बहाल केला.

समारोप

‘रीडर्स डायजेस्ट’च्या वाढीतून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, निवड करणाऱ्या नियतकालिकाचे मूल्य त्याने स्रोताविषयी राखलेल्या प्रामाणिकपणावर ठरते. मजकुराची अचूकता त्याची भरपाई करू शकत नाही. दुसरा, उत्पन्नाचा मार्ग बदलला की वाचकाची व्याख्या बदलते आणि काही काळाने मजकूरही बदलतो. तिसरा, खपाचा आकडा हा वाचनाचा पुरावा नसतो. मराठी नियतकालिकांच्या इतिहासलेखनात संपादकीय दृष्टीबरोबरच या तीन कसोट्या वापरल्या गेल्या, तर आपल्या आकलनात निश्चित भर पडेल.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. विद्यार्थी मूळ ग्रंथाऐवजी मार्गदर्शिका वाचतात ही आपली जुनी तक्रार आहे. आता क्षणात तयार होणारे यंत्रनिर्मित सारांश त्यांच्या हाती आले आहेत आणि अशा सारांशांत मजकूर कोठून आला हे अनेकदा कळतच नाही. शोधनियतकालिकांच्या क्षेत्रातही निवडीवरील विश्वासाची जागा यादीने घेतल्याचा अनुभव ताजा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये सुरू केली आणि २०२५ मध्ये ती बंद करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर व अध्यापकांवर सोपविली. त्या मधल्या काळात लेख कसा आहे यापेक्षा तो कोणत्या यादीत बसतो हे विचारण्याची सवय अनेकांना जडली. यादी पाहणे सोपे असते, लेख वाचून निवाडा करणे कष्टाचे. वॉलेस ग्रंथालयात बसून हाताने लेख उतरवीत होता तेव्हा तो निदान प्रत्येक लेख स्वतः वाचत होता. निवड करणाऱ्याने आधी स्वतः वाचलेले असले पाहिजे आणि आपण काय, कोठून घेतले हे वाचकाला खरेपणाने सांगितले पाहिजे, एवढी किमान अट आपण आपल्या नियतकालिकांना, आपल्या क्रमिक पुस्तकांना आणि स्वतःला लावली, तरी या अभ्यासाचे प्रयोजन साध्य झाले असे म्हणता येईल.